खाजगी शाळा मुलांना आणि शिक्षकांना सांभाळते म्हणजे नेमकं काय करते? (इंदूर)

शब्दवेल

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून मी इंदूरच्या एका लहान खाजगी शाळेच्या कार्यकारिणीवर आहे. शाळा मराठी मंडळींनी काढलेली. आता हिंदी आणि इंग्रजी अशी दोन माध्यमं, एमपी बोर्ड, नर्सरी ते दहावी मिळून साडेचारशे मुलं आणि २३ शिक्षक. सरकारी अनुदान नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही.

डिसेंबरात तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. अर्धवार्षिकच्या दिवशी आठवीची एक मुलगी घरून निघाली, शाळेत आली, पण वर्गात पोचलीच नाही. दीड तासाने आमच्या मावशींना ती जिन्याखालच्या खोलीत दप्तर पोटाशी धरून बसलेली सापडली. पुढच्या आठवड्यात सत्राच्या मधेच विज्ञानाच्या मॅडमनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "झोप लागत नाही हो." आणि पाचवीच्या बोर्ड पॅटर्न परीक्षेवरून एक वडील ऑफिसात इतके चिडले की क्लार्क रडायला लागली. २०२२-२३ पासून पाचवी-आठवीची ही परीक्षा आमच्यासारख्या खाजगी शाळांनाही लागू झाली आहे, तेव्हापासून दहा वर्षांच्या पोरांच्या घरीही 'बोर्ड' हा शब्द शिरलाय.

महिनाअखेर कार्यकारिणीची बैठक आहे. "एखादा मोटिवेशनल स्पीकर बोलावू" असा एकंदर सूर आहे. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय, हे मला नीट मांडता येत नाही. तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत प्रत्यक्ष काय केलं आणि कशाने फरक पडला ते लिहाल का? बारीकसारीक तपशिलासकट हवंय.

रामबागवाला

स्पीकर आमच्याकडे आला होता. दोन तास मुलांना उन्हात बसवलं, "मैं कर सकता हूँ" असं सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. रात्री लेक म्हणाली, "बाबा, मला येत नाही हे सांगायचं कुणाला, ते त्यांनी सांगितलंच नाही." तिचं वाक्य बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवा.

गणितवाली

शब्दवेलताई, तुमच्या विज्ञानाच्या मॅडमबद्दल वाचून हात थांबला. मी १६ वर्षं इंदुरात खाजगी शाळेत गणित शिकवतेय. आमचा दिवस कसा जातो ते सांगते.

सकाळी ७.२० ला प्रार्थना. आठ पिरियडपैकी सहा माझे. उरलेल्या दोनपैकी एकात हमखास अरेंजमेंट लागते, कारण कुणीतरी रजेवर असतंच. म्हणजे हातात राहिला एक, आणि त्यात ४२ मुलांच्या कॉप्या, म्हणजे वह्या. त्यातच शाळांच्या सरकारी यूडायस पोर्टलवरची माहिती, समग्र आयडीचं (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) मॅपिंग, अपार आयडीसाठी (केंद्राचा विद्यार्थी ओळख क्रमांक) पालकांचे फोन. घरी आल्यावर पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. परवा रात्री पावणेबाराला ओट्यावर कॉप्या तपासत होते, एकीकडे सकाळसाठी मटकी निवडत होते, आणि फोनवर मेसेज आला, "मॅम, उद्याच्या टेस्टला पान ८४ पण आहे का?" मी उत्तर दिलं. दिलं नसतं तर सकाळी प्रिन्सिपलकडे तक्रार गेली असती.

आता भर टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, नोकरीची पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ती पास व्हावी लागणार. मी ४७ वर्षांची. लेक बारावीला, मी टीईटीला, दोघींचं टेबल एकच. ती रसायनशास्त्र करते, मी बालविकास. १५० पैकी ९० गुण मिळवायचे आहेत. अभ्यासाची मला भीती नाही, पण बसायला वेळ कुठून आणू?

आमच्या शाळेने यंदा एकच गोष्ट चांगली केली. बुधवारचा शेवटचा पिरियड प्रत्येक वर्गाला खेळ नाहीतर वाचनालय, आणि त्या ४० मिनिटांत निम्मे शिक्षक मोकळे. पुढच्या बुधवारी उरलेले निम्मे. त्या वेळात अरेंजमेंट लावायची नाही, मीटिंग घ्यायची नाही, अशी प्रिन्सिपलनी लेखी सूचना काढली. महिन्यात दोनदा ४० मिनिटं, एवढंच. पण त्यातल्या एका बुधवारी माझ्या वर्गातला एक मुलगा स्वतःहून येऊन बाकावर बसला आणि म्हणाला, "मॅम, मला भागाकार पाचवीपासूनच येत नाही." तो आता नववीला आहे. चार वर्षं हे सांगायला त्याला मोकळी मॅडम सापडली नव्हती.

चहा_पोहे

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. _/\_

कडुलिंब

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. आमच्या वेळी काउन्सेलर नव्हता, बुधवारचा पिरियड नव्हता. सर मारायचे, घरी सांगितलं तर वडील अजून दोन द्यायचे. सगळे मार्गी लागले. आज मुलांना जरा टोचलं की आपण कापूस घेऊन धावतो. शाळेने शिकवावं, बाकीचं घराने बघावं.

निवृत्त_बाई

कडुलिंब, तुमच्या बोलण्यातली कळकळ समजते. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात ३१ वर्षं शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. "सगळे मार्गी लागले" हे मीही अनेक वर्षं म्हणत असे.

निवृत्तीच्या वर्षी जुनी हजेरीपत्रकं बांधून ठेवायचं काम निघालं. सहावीचा एक जुना वर्ग उघडला. ४८ नावं. दहावीच्या पत्रकात त्यातली २९ उरलेली. एकोणीस नावांवर लाल शाईची आडवी रेघ आणि समोर माझ्याच अक्षरात 'शाळा सोडली'. काहींची बदली झाली असेल, काही गावी गेली असतील. पण त्यातल्या सात-आठ जणांचे चेहरे मला लख्ख आठवले आणि ती का गेली तेही आठवलं. एकाला मी स्वतः वर्गासमोर उभं करून पाढे म्हणायला लावत असे, रोज. आपल्याला भेटतात ते मार्गी लागलेले. बाकीचे स्नेहसंमेलनाला येत नाहीत.

शब्दवेल, तुमच्या जिन्याखालच्या मुलीला आधी विचारा की ती त्याच खोलीत का गेली. बहुतेक ती तिथे याआधीही बसलेली असेल.

सुदामानगर

आमचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मुलगा दहावीला ९१ टक्के. सगळे म्हणाले जेईई. अकरावीला त्याला अशा शाळेत घातलं जी फक्त कागदावर होती. गावाबाहेर, घरापासून चाळीसेक किलोमीटर, हजेरी आपोआप लागणार. मुलगा रोज सकाळी भंवरकुआच्या बाजूला कोचिंगला, दुपारी दोनला घरी, पुन्हा पाचला टेस्ट. 'डमी' हा शब्द आम्ही घरात इतक्या सहज वापरायचो की त्याचा अर्थच डोक्यात येईनासा झाला होता.

सहा महिन्यांत तो बोलायचा थांबला. जेवताना ताटाकडे बघायचा. एकदा मी सहज विचारलं, "तुझा मित्र कोण रे तिकडे?" तो म्हणाला, "रँक १ ते २० पुढे बसतात, मी १३४ आहे." मी मित्र विचारला होता, त्याने नंबर सांगितला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईने दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता डमी प्रवेशांवरून काढली. ती बातमी वाचून बायको म्हणाली, "बस झालं." आम्ही त्याच्या जुन्या शाळेत गेलो. वर्ष अर्धं झालेलं, नियमाने सीट देणं त्यांना बंधनकारक नव्हतं. प्रिन्सिपल मॅडमनी आम्हाला बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोलणं केलं, पाऊण तास. बाहेर आल्यावर आम्हाला दोनच गोष्टी सांगितल्या. त्याने कोचिंग सोडायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. आणि तो रोज शेवटच्या पिरियडला व्हॉलीबॉलला उभा राहील, त्यावर वाद नको.

त्याने कोचिंग आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं. फिजिक्सचे सर दुपारी अर्धा तास थांबायचे, त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. आयआयटी मिळाली नाही. इंदुरातच इंजिनिअरिंग करतोय, संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांसोबत असतो, आणि मला घरी बसून तो कधी येतो याची वाट बघायला आवडते.

रेवाकाठ

सुदामानगर, तुमच्यासारखं उघडपणे फार कमी आईबाप लिहितात. मनापासून आभार.

जोडून सांगते. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये असं आहे. तरी आमच्या बिल्डिंगमधली सातवीची दोन मुलं 'फाउंडेशन'ला जातात. खाली सायकली धूळ खात पडल्यात.

बडोदेकर

बडोद्याहून हजर. दांडिया बाजारात वाढलो, आता मांजलपूरला राहतो. एका शाळेच्या ट्रस्टचे हिशेब बघतो, म्हणून पैशाबद्दल बोलतो. पैसा बाजूला ठेवून ही चर्चा पुरी होत नाही.

गुजरातेत २०१७ च्या कायद्याने फी नियमन समित्या आल्या, अहमदाबाद, बडोदा, सुरत, राजकोट अशा चार. प्राथमिकला वार्षिक १५ हजारांच्या वर फी हवी असेल तर समितीपुढे हिशेब मांडायचा. पालक म्हणून मला हे योग्य वाटतं. हिशेबनीस म्हणून सांगतो, समितीपुढे जाताना काउन्सेलरचा पगार, शिक्षकांचं प्रशिक्षण हे खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. 'इतर खर्च' असं लिहिलं की पहिली कात्री तिथे लागते. तुमच्या मध्य प्रदेशातही २०१७ चाच कायदा आहे, वार्षिक फी २५ हजारांच्या वर असलेल्या शाळांना १० टक्क्यांच्या वर फीवाढ म्हणजे जिल्हा समितीची परवानगी. म्हणजे गणित तेच.

आणि एक, बडोदेकर असल्यामुळे राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ ला साऱ्या संस्थानात नेलं. आधी एका तालुक्यात करून बघितलं, तेरा वर्षं त्यातून शिकले, मग पसरवलं. शब्दवेल, तुम्हीही एकाच वर्गापासून सुरुवात करा. बैठकीत एका वर्गाला कुणी नाही म्हणणार नाही.

चहा_पोहे

बडोदेकर आले आणि सयाजीराव आले नाहीत असं कधी झालंय? :) पण सूचना सोन्यासारखी आहे.

बडोदेकर

होऊच देणार नाही!

वकिली_बाणा

दोन गोष्टी बैठकीआधी छापून न्या.

पहिली. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा किंवा जोडून घ्यायचा आहे. तुमची मुलं साडेचारशे, म्हणजे तुम्ही त्यात बसता. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं टाळा, असंही त्यात आहे. सुदामानगर यांच्या मुलाचा '१३४' इथे आठवावा.

दुसरी शिक्षकांबद्दल, जी कार्यकारिणीत सहसा निघत नाही. खाजगी शाळेतल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू आहे. २००९ च्या दुरुस्तीने ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन ती दिली, खाजगी शाळांच्या महासंघाने आव्हान दिलं, आणि २०२२ च्या ऑगस्टात सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती कायम ठेवली. माझी मावशी एका शाळेतून २२ वर्षांनी २०२३ ला निवृत्त झाली. शेवटचा पगार १८ हजार. शाल, श्रीफळ आणि गणपतीची मूर्ती देऊन निरोप दिला. हिशेब मी केला. १८ हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले २२, म्हणजे सुमारे २ लाख २८ हजार. मागायला तिला लाज वाटत होती. ती म्हणाली, "शाळा आपलीच आहे रे." अर्ज केला, सात महिन्यांनी पैसे मिळाले. जी शाळा हा पैसा बाजूला काढून ठेवत नाही, तिथल्या बाईंना "मुलांशी प्रेमाने वागा" कुठल्या तोंडाने सांगायचं?

गणितवाली

हे मला माहीतच नव्हतं. सोळा वर्षं. उद्या स्टाफरूममध्ये सांगते.

तिळगूळ

अवांतर आहे, पण शिक्षकांचा वेळ कुठे जातो यावरून आठवलं. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. आपल्या मराठी घरांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची पद्धत. आधार काढताना इकडच्या पद्धतीने मधलं नाव गाळलं जातं. शाळेच्या दाखल्यावर तीन शब्द, आधारवर दोन, समग्रमध्ये कधी कधी आडनाव आधी. अपार आयडी जुळत नाही. एकट्या आमच्या शाळेत अशी ३७ मुलं निघाली, बहुतेक मराठी. वर्गशिक्षिकांनी प्रत्येकाच्या घरी चार-चार फोन केले. शेवटी मी प्रिन्सिपलना म्हटलं, हे काम ऑफिसचं, मॅडमना देऊ नका, मी शनिवारी पालकांना बोलावते. दोन शनिवारांत ३१ जणांचं झालं. मॅडमनी मला संक्रांतीला हलव्याचे दागिने आणून दिले!

रामबागवाला

अवांतर कसलं, हेच तर मुद्द्याचं आहे. शिक्षकांना सांभाळायचं म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं असं एकेक काम उतरवायचं.

पुस्तकघर

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. काउन्सेलर नेमणं ही अर्धीच गोष्ट आहे, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी काउन्सेलर मॅडम आल्या. चांगल्या शिकलेल्या, मृदू. त्यांना खोली दिली ती क्रीडासाहित्याची जुनी, ऑफिसच्या बरोबर समोर, दाराला काच. दारावर मोठी पाटी. दोन महिन्यांत एक मूल गेलं नाही. कोण जाईल? फी भरायला आलेले सगळे पालक बघणार. शेवटी त्या माझ्या वाचनालयात येऊन बसायला लागल्या, मागच्या कपाटांच्या आडोशाला, दोन खुर्च्या टाकून. पाटी नाही. मुलं पुस्तक बदलायला म्हणून येत आणि तिकडे वळत. सत्र संपेपर्यंत त्यांच्या वहीत साठेक मुलांच्या नोंदी होत्या.

मग त्यांनी एक पेटी ठेवली, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पहिल्या शुक्रवारी उघडली तेव्हा मी शेजारी होते. आम्हाला वाटलं परीक्षेची भीती, घरचे ताण असं काही निघेल. चौदा चिठ्ठ्या होत्या आणि त्यातल्या नऊ एकाच गोष्टीच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूमची कडी तुटली आहे. मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या, कारण पाणी प्यायलं की जावं लागेल. पाचव्या पिरियडला डोकं दुखतं म्हणून ज्या घरी जायच्या, त्या बहुतेक याच. आम्ही वर्षभर त्यांना 'परीक्षेचा ताण' समजत होतो.

कडी दुपारीच बसवली. पुढच्या शुक्रवारी पेटीत एकच शब्द लिहिलेली चिठ्ठी होती, 'धन्यवाद'. आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून खऱ्या चिठ्ठ्या यायला लागल्या. कडीची गोष्ट ऐकून घेतलीत, तर मग आता घरची सांगते, असंच त्या मुलींना वाटलं असणार.

आठवी_अ

ताई, तुमच्यासारखी ग्रंथपाल आम्हाला मिळाली असती तर.

कडुलिंब

पुस्तकघर आणि निवृत्त_बाई, दोघींचं वाचलं. माझ्या वर्गातला एक मित्र सातवीनंतर दिसला नाही. त्याला मराठी वाचता यायचं नाही, अक्षरं उलटी दिसायची म्हणायचा. सर म्हणायचे नाटकं करतो. काल रात्री त्याचं नाव आठवत बसलो. माझं पहिलं म्हणणं मी मागे घेतो. एकच आग्रह अजून आहे, या सगळ्यात शिकवणं पातळ होऊ नये.

निवृत्त_बाई

अगदी मान्य. त्या नववीच्या मुलाला शेवटी भागाकार आला पाहिजे. गणितवाली, आला का?

गणितवाली

दोन अंकी भाजक जमतोय. तीन अंकी चालू आहे.

रेवाकाठ

बैठकीत एक क्रमांक नोटीस बोर्डावर आणि डायरीच्या पहिल्या पानावर छापायचा ठराव करा. टेली मानस, १४४१६, चोवीस तास, फुकट. शिक्षकांनाही चालतो, ते मुद्दाम सांगावं लागतं.

शब्दवेल

मंडळी, बैठक काल झाली. सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते, नावं काढून.

निवृत्त_बाईंनी सांगितलं तसं आधी त्या मुलीशी बोलले. खोलीत ती याआधी चार वेळा बसली होती. तिथे आमच्या मावशी झाडू-फडकी ठेवतात आणि तिला बघून काही न विचारता पाण्याचा ग्लास देतात. म्हणजे आमच्या शाळेत मुलींना सांभाळण्याचं काम आधीपासून चालू होतं, पगारपत्रकावर सगळ्यात खाली नाव असलेल्या बाईकडून. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

स्पीकरचा विषय संपला. काउन्सेलर आठवड्यातून दोन दिवस, जवळच्या आणखी एका शाळेसोबत वाटून घ्यायची. बसायची जागा वाचनालय, दारावर पाटी नाही. अपार आणि समग्रचं काम पुढच्या महिन्यापासून ऑफिसकडे. बुधवारचा मोकळा पिरियड मात्र फक्त सहावी ते आठवीच्या शिक्षकांना, एप्रिलपर्यंत, बडोदेकरांच्या अमरेलीसारखा. रात्री आठनंतर पालकांच्या ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकेल, यावर तीन सदस्य नाराज होते, पण झालं. ग्रॅच्युइटीवर जोरात वाद झाला. कोषाध्यक्ष म्हणाले पैसे नाहीत. मावशींचं नावही यादीत धरायचं का, यावर अडलंय. मी धरायचं म्हणते. पुढची बैठक १५ तारखेला आहे.

विज्ञानाच्या मॅडमना फोन केला होता. परत येणार नाहीत, पण बुधवारबद्दल ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणत्या पिरियडला?"

वकिली_बाणा

धरायचंच. ग्रॅच्युइटी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना आधीपासून आहे, वाद होता तो शिक्षकांचा. मावशींची नेमणुकीची तारीख शोधून ठेवा, १५ च्या आधी हिशेब करून देतो.

शब्दवेल

नेमणूकपत्र नाहीये. जुन्या हजेरीबुकात बघते.